दृष्टी कोणाची, भरवसा कोणाचा?

कलाकृतीविषयीच्या चर्चेत ‘विश्वास ठेवा’ हे शब्द उच्चारले गेले की ती चर्चा बहुधा तेथेच थांबते. ज्याने शंका घेतली तो अश्रद्ध ठरतो, ज्याने घेतली नाही तो निष्ठावंत ठरतो, आणि कलाकृती कशी आहे हा मूळ प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. साहित्याच्या क्षेत्रात हा प्रकार आपल्या परिचयाचा आहे. नामवंत लेखकाच्या नव्या पुस्तकावर प्रतिकूल लिहिणाऱ्यास ‘त्यांच्या लेखणीवर तुमचा भरवसा नाही का?’ असे विचारणारे महाभाग प्रत्येक पिढीत असतात. परंतु हा आग्रह आज ज्या क्षेत्रात सर्वांत उघडपणे मांडला जातो ते क्षेत्र व्हिडिओ गेमचे आहे. तेथे विश्वास ही केवळ भावना राहिलेली नाही; ती आगाऊ रोख भरून व्यक्त करावयाची गोष्ट झाली आहे. या विश्वासाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे, आणि त्यासाठी मी एक वरकरणी तांत्रिक वाटणारा वाद निवडला आहे. खेळणाऱ्याने खेळातील जग कोणाच्या डोळ्यांनी पाहावे, हा तो वाद होय.

साहित्याच्या अभ्यासकाने या वादात का पडावे, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सरळ आहे. कादंबरीत जे स्थान निवेदकाचे, ते या खेळांत कॅमेऱ्याचे आहे. खेळणाऱ्यास स्वतःचे पात्र पाठीमागून, थोड्या अंतरावरून चालताना दिसत असेल तर त्या दृष्टीस तृतीयपुरुषी म्हणतात; १९९६ साली आलेल्या ‘टूम रेडर’मधील लारा क्रॉफ्ट अशी दिसते. पडदा म्हणजेच पात्राचे डोळे असतील, समोर फक्त हात आणि हातातले शस्त्र दिसत असेल, तर ती दृष्टी प्रथमपुरुषी. १९९३ सालच्या ‘डूम’ने ती सर्वदूर नेली. ही नावे व्याकरणातूनच आली आहेत, आणि म्हणून वाङ्मयाच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटतात. मात्र ही ओळख फसवी आहे, हे प्रारंभीच सांगितले पाहिजे.

हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीत यमू स्वतःची कहाणी स्वतः सांगते. तेथील ‘मी’ भरलेला आहे. त्या ‘मी’ला आठवणी आहेत, लाज आहे, भीती आहे, आणि वाचकाला यमूचा चेहरा दिसला नाही तरी तिचे अंतरंग दिसते. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’मध्ये (१९६७) एकाच जीवनाकडे पाहणारे अनेक ‘मी’ आहेत आणि प्रत्येकाच्या बोलण्याने आधीच्याचे बोलणे वेगळ्या प्रकाशात येते. व्हिडिओ गेममधील प्रथमपुरुष याच्या उलट आहे. तेथे ‘मी’चे अंतरंग आपोआप मिळत नाही, मिळतात ते फक्त डोळे. पात्र कोण आहे हे दाखविणारा चेहरा, चाल, खांद्यांची ठेवण ही सारी साधने निर्मात्याने स्वतःहून बाजूला ठेवलेली असतात. त्यांच्या बदल्यात त्याला काय मिळते? जवळीक मिळते, अंधाऱ्या खोलीतली धास्ती मिळते, समोरच्या पात्राची नजर थेट आपल्या नजरेला भिडते. म्हणजे प्रत्येक दृष्टी काही देते आणि काही काढून घेते. जे काढून घेतले त्याबद्दल तक्रार करणे हा म्हणूनच रसिकाचा अडाणीपणा नव्हे. तो कलाकृतीच्या घडणीविषयीचा रास्त प्रश्न आहे. शिवाय प्रथमपुरुषी दृष्टीने खेळताना काही जणांना प्रत्यक्ष मळमळते आणि गरगरते. त्यांच्या बाबतीत तर हा रुचीचाही प्रश्न उरत नाही.

असा प्रश्न पूर्वी विचारला गेला आहे आणि त्याला उत्तम उत्तरही मिळाले आहे. निंटेंडोची ‘मेट्रॉइड’ ही मालिका १९८६ साली सुरू झाली तेव्हापासून तिची नायिका सॅमस आरान पडद्यावर बाजूने दिसत असे. पुढे टेक्सासमधील रेट्रो स्टुडिओज या संस्थेने तिचा त्रिमितीय अवतार प्रथमपुरुषी दृष्टीतून करावयाचे ठरविले, तेव्हा जुने खेळाडू अस्वस्थ झाले. शोधाचा हा खेळ आता निव्वळ गोळीबाराचा होणार, ही त्यांची भीती होती. नोव्हेंबर २००२ मध्ये ‘मेट्रॉइड प्राइम’ आला आणि त्या भीतीला खेळानेच उत्तर दिले. नायिकेच्या शिरस्त्राणाची काच हीच तेथे खेळणाऱ्याची खिडकी आहे. तिच्यावर पावसाचे थेंब पडतात, वाफ साचते, आणि समोर मोठा स्फोट झाला की क्षणभर काचेच्या आतल्या बाजूला सॅमसचे स्वतःचे डोळे उमटतात. ती अंगाचा गोळा करून अरुंद बोगद्यांतून घरंगळते तेव्हा मात्र कॅमेरा बाहेर येऊन तिच्याकडे पाहू लागतो. निवडलेल्या दृष्टीचा तोटा निर्मात्यांनी ओळखला होता आणि तो भरून काढण्यासाठी कल्पकता खर्च केली होती. शंका घेणाऱ्यांचे समाधान येथे विश्वासाने झाले नाही, कृतीने झाले. हा भेद पुढे महत्त्वाचा ठरणार आहे.

आता ज्या प्रकरणामुळे हा लेख लिहिणे भाग पडले त्याकडे वळतो. पोलंडमधील वॉर्सा येथील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने २०१५ साली ‘द विचर ३’ प्रसिद्ध केला. आंद्रेय सापकोव्स्की या पोलिश लेखकाच्या कथांवरून उभारलेला हा खेळ तृतीयपुरुषी होता. त्याचा नायक गेराल्ट सतत डोळ्यांसमोर असे आणि त्याच्या थकलेल्या चालीतूनही त्याचा स्वभाव कळे. लेखनाची प्रगल्भता, कामाचा नेटकेपणा आणि खेळानंतर विनामूल्य दिलेल्या सोळा लहान भरी यांमुळे कंपनीविषयी विलक्षण सद्भावना निर्माण झाली. इतर कंपन्या ग्राहकांना लुबाडतात आणि ही एक तेवढी खेळाडूंची आहे, असे मत रूढ झाले.

या पुण्याईवर ‘सायबरपंक २०७७’ उभा राहिला. तो प्रथमपुरुषी असणार हे जून २०१८ मध्ये कळले, आणि कथेतील नाट्यप्रसंगही जवळजवळ सर्वच प्रथमपुरुषी असतील हे ऑगस्ट २०१९ मध्ये. नाराजी उसळली आणि ती निराधार नव्हती. या खेळात प्रारंभी खेळणारा आपले पात्र स्वतः घडवितो. केस, डोळे, व्रण, दात, गोंदण अशा बारकाव्यांपर्यंत ही घडण जाते. वेशभूषेला तर त्या कल्पित शहरात फार मोठे महत्त्व आहे. इतक्या हौसेने घडविलेला चेहरा जर खेळभर दिसणारच नसेल तर तो घडवावयाचा कशासाठी, असे लोक विचारू लागले. प्रत्यक्ष खेळात वाहन चालविताना आपण स्वतःला बाहेरून पाहू शकतो. परंतु आरशात पाहावयाचे तर आरशासमोर उभे राहून तो आधी सुरू करावा लागतो. ज्याला आपले प्रतिबिंब दिसण्यासाठी कळ दाबावी लागते अशा नायकाविषयी रसिकाने प्रश्न विचारला, तर त्यात वावगे काय?

निर्मात्यांची बाजूही पोकळ नव्हती. उंच इमारतींच्या दाटीत वसलेल्या शहराचा दबाव माणसाच्या उंचीवरून अनुभवावा, डोळ्यांत यंत्र बसविलेल्या नायकाचे पाहणे खेळणाऱ्याचे पाहणे व्हावे, संभाषण चालू असता खेळणाऱ्याने चालावे, बसावे, नजर वळवावी, हा त्यांचा विचार होता. हा वाद असाच, कारणाला कारण देत, चालला असता तर तो समीक्षेचा एक चांगला नमुना ठरला असता. तसे झाले नाही. शंका घेणाऱ्यांना असंख्य चाहत्यांनी एकच उत्तर दिले: ज्यांनी ‘विचर’ केला त्यांच्यावर विश्वास ठेवा. या उत्तरात दृष्टीविषयी अक्षरही नाही. जवळीक आणि चेहरा यांतील देवघेवीविषयी ते काही सांगत नाही. ते फक्त निर्मात्याच्या पूर्वकृतीकडे बोट दाखविते, आणि ती पूर्वकृती तर नेमकी तृतीयपुरुषी होती! वडिलांनी विहीर उत्तम खणली म्हणून मुलाने बांधलेला पूल तपासू नये, अशा जातीचा हा युक्तिवाद आहे.

हा युक्तिवाद दृष्टीच्या वादापुरता राहिला असता तर फारसे बिघडले नसते. परंतु विश्वासाला आपली मर्यादा ठाऊक नसते. कॅमेऱ्याच्या निवडीबाबत ज्यांना गप्प बसविले गेले त्यांच्यापाठोपाठ इतर प्रश्न विचारणारेही गप्प बसविले गेले. प्रकाशनाची तारीख एप्रिल २०२० वरून सप्टेंबर, सप्टेंबरवरून नोव्हेंबर आणि नोव्हेंबरवरून डिसेंबर अशी तीनदा पुढे गेली. २०१३ साली बाजारात आलेल्या प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या यंत्रांवर हा खेळ कसा चालतो हे विकत घेणाऱ्यांना दाखविले गेले नाही. परीक्षकांना आधी मिळालेल्या प्रती संगणकावरच्या होत्या, आणि परीक्षणासोबत स्वतः टिपलेली दृश्ये दाखविण्यास त्यांना मनाई होती. कंपनीने पुरविलेली दृश्येच वापरावी लागली. तरीही सुमारे ८० लाख लोकांनी आगाऊ नोंदणी केली.

१० डिसेंबर २०२० रोजी खेळ आला. जुन्या यंत्रांवर तो वारंवार बंद पडे, चेहरे उशिरा उमटत, रस्त्यांवरची माणसे आणि वाहने डोळ्यांदेखत नाहीशी होत. चारच दिवसांनी, १४ डिसेंबरला, कंपनीने जाहीर क्षमा मागितली. त्या निवेदनात तिने मान्य केले की जुन्या यंत्रांवरील खेळ आधी न दाखविल्यामुळे लोकांना जाणतेपणाने निर्णय घेता आला नाही. त्याच आठवड्यात सोनीने तो खेळ आपल्या दुकानातून काढून घेतला आणि पैसे परत देऊ केले. तो तेथे परतला २१ जून २०२१ रोजी. भागधारकांनी अमेरिकेत दावे केले आणि डिसेंबर २०२१ मध्ये कंपनीने १८.५ लाख डॉलर देऊन तडजोड करण्याचे मान्य केले.

या साऱ्या घटनाक्रमातून माझ्या प्रतिपादनाचा गाभा निघतो. येथे दोन दृष्टी होत्या आणि दोन्ही एकाच हाताने नियंत्रित केल्या होत्या. पहिली खेळाच्या आतली: खेळणाऱ्याला काय दिसावे आणि काय दिसू नये हे निर्मात्याने ठरविले. दुसरी खेळाच्या बाहेरची: विकत घेणाऱ्याला काय दिसावे आणि काय दिसू नये हेही त्याच कंपनीने ठरविले. पहिल्या ठिकाणी निवडून दाखविणे ही कला आहे. तो निर्मात्याचा अधिकार आहे आणि त्यावाचून कोणतेही कथन संभवत नाही. दुसऱ्या ठिकाणी निवडून दाखविणे हे लपविणे आहे. ‘विश्वास ठेवा’ या दोन शब्दांनी नेमकी ही सीमा पुसून टाकली. कलावंताला द्यावयाची मोकळीक व्यापाऱ्याच्या पदरात पडली. आणि विरोधाभास असा की, ज्या प्रथमपुरुषी दृष्टीबद्दल एवढे रण माजले, ती दृष्टी खेळाच्या अपयशाचे कारण मुळीच नव्हती. पुढे अनेकांनी त्याच जवळिकीची वाखाणणी केली. खेळ बुडविला तो न दाखविलेल्या गोष्टींनी. दृष्टीवर आक्षेप घेणारे कदाचित चुकत होते. पण प्रश्न विचारण्याची त्यांची सवय बरोबर होती. ती सवय मोडणाऱ्यांनी सर्वांचेच नुकसान केले.

यावर पहिला आक्षेप असा येईल की कलावंताला स्वातंत्र्य हवे. प्रत्येक निवडीसाठी त्याने रसिकांची संमती घ्यावी काय? मुळीच नाही. कौल लावून ठरविलेला कॅमेरा हा बहुधा कोणाचाच नसतो. निर्मात्याने आपली दृष्टी हट्टाने निवडावी आणि लोक रागावले तरी बदलू नये, हे मला मान्य आहे. परंतु निवडीचे स्वातंत्र्य आणि आक्षेपापासून संरक्षण या दोन गोष्टी भिन्न आहेत. फडके आणि खांडेकर यांच्या काळापासून मराठीत कलेच्या प्रयोजनावर जे वाद झाले त्यांत लेखकांनी आपापल्या भूमिका सोडल्या नाहीत, तरी त्या समर्थित करण्याचे कष्ट त्यांनी घेतले. वाचकाने माझ्यावर विसंबून राहावे, एवढे म्हणून त्यांची सुटका झाली नाही. रसिकाचा आक्षेप हा अविश्वासाचा ठराव नसतो. तो कलाकृती गांभीर्याने घेतल्याचा पुरावा असतो.

शिवाय हा विश्वास नेमका कोणावर ठेवावयाचा, हेही कोणी स्पष्ट करीत नाही. ‘निर्माते’ हा एकवचनी अर्थाचा अनेकवचनी शब्द आहे. त्यात संवाद लिहिणारा लेखक येतो, शहर रंगविणारा चित्रकार येतो, दोष शोधणारा परीक्षक येतो, आणि भागधारकांना तारखा सांगणारे व्यवस्थापनही येते. याच कंपनीने २०१९ मध्ये जादा कामाची सक्ती करणार नाही असे सांगितले होते आणि २०२० च्या शरदात आठवड्याचे सहा दिवस काम करावयास लावले. जानेवारी २०२१ मध्ये ब्लूमबर्गने वीसहून अधिक आजीमाजी कर्मचाऱ्यांशी बोलून जो वृत्तांत प्रसिद्ध केला, त्यावरून खेळ तयार नाही याची जाणीव आतल्या माणसांना होती असे दिसते. म्हणजे कंपनीच्या भिंतींच्या आत शंका घेणारे होतेच. बाहेरच्या चाहत्यांनी जो विश्वास व्यक्त केला तो त्या कष्टकरी निर्मात्यांच्या कामी आला नाही. तो त्यांच्या शंका दुर्लक्षिणाऱ्यांच्या कामी आला. चाहत्यांनी थोडे कमी विश्वासू होऊन अधिक विचारले असते, तर आतल्या शंकांना बाहेरून आधार मिळाला असता.

दुसरा आक्षेप अधिक प्रभावी आहे. तो असा की अखेर विश्वास खरा ठरला: कंपनीने वर्षानुवर्षे दुरुस्त्या केल्या, सप्टेंबर २०२३ मध्ये खेळाची दुसरी आवृत्ती म्हणता येईल असे रूप आणि ‘फँटम लिबर्टी’ हा जोडभाग दिला, आणि आज त्या खेळाची गणना चांगल्या खेळांत होते. हे सारे खरे आहे, आणि त्या दुरुस्तीमागील परिश्रमांना मी कमी लेखत नाही. परंतु दोन गोष्टी विसरता कामा नयेत. एक, ही दुरुस्ती विश्वास ठेवणाऱ्यांच्या पुण्याईने घडलेली नाही. पैसे परत मागणारे, दोषांची दृश्ये प्रसिद्ध करणारे, न्यायालयात जाणारे यांनी ती घडवून आणली. दुसरी गोष्ट अधिक कटू आहे. २०२३ चे ते सुधारलेले रूप आणि तो जोडभाग प्लेस्टेशन ४ आणि एक्सबॉक्स वन या यंत्रांवर आलेच नाहीत. ज्यांची सर्वाधिक फसगत झाली होती त्या जुन्या यंत्रांच्या मालकांना पुनरुद्धार झालेला खेळ पाहावयाचा तर नवे यंत्र घेणे भाग होते. पश्चात्तापाची कथा सांगताना ज्यांच्यापाशी तो पोहोचला नाही त्यांना वगळावयाचे, हेही पुन्हा सोयीचा कॅमेरा लावण्यासारखेच आहे.

तिसरा आक्षेप आपल्या जवळचा आहे. आगाऊ पैसे घेणे हेच जर पाप असेल तर मराठी प्रकाशकांच्या प्रकाशनपूर्व सवलत योजनांचे काय? त्या योजनांवर तर कित्येक खंडात्मक ग्रंथ उभे राहिले. याचे उत्तर असे की आगाऊ पैसे देण्याचे दोन प्रकार आहेत. कागदाला आणि छपाईला पैसे नाहीत, वाचकांनी आधी हात दिला नाही तर ग्रंथ निघणारच नाही, अशा वेळी दिलेली रक्कम ही वर्गणी असते. देणारा जोखीम ओळखून ती देतो आणि ग्रंथाच्या जन्मात सहभागी होतो. याउलट ज्या वस्तूच्या प्रती कधीच संपणार नाहीत, जी प्रकाशनानंतर आठवड्याने घेतली तरी मिळणारच आहे, तिची आगाऊ खरेदी ही सहभागाची कृती नसते. परीक्षणे वाचून ठरविण्याचा आपला अधिकार आपण तीत विनामोबदला सोडून देतो. पहिल्या व्यवहारात विश्वासामुळे काही तरी निर्माण होते. दुसऱ्यात केवळ तपासणी टळते.

लहान निर्मात्यांच्या बाबतीत हा भेद अधिक बारकाईने पाहावा लागतो. पुण्यातील नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेने ‘राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा खेळ केला. २०१७ साली लोकवर्गणीतून पैसा उभा करण्याचा त्यांचा प्रयत्न लक्ष्यापर्यंत पोहोचला नाही, तरीही चिकाटीने त्यांनी तो २०२० मध्ये पूर्ण केला. त्याची दृष्टीही विचार करण्याजोगी आहे. भावाचा शोध घेत निघालेल्या राजीची कहाणी दुर्गा आणि विष्णू सांगतात, आणि कॅमेराही बहुधा दूर, उंचावर राहून भव्य वास्तूंमधील ती लहानशी मुलगी दाखवितो. देवांनी सांगितलेली गोष्ट देवांच्याच उंचीवरून पाहावी, ही निवेदन आणि दृष्टी यांची संगती मला अर्थपूर्ण वाटते. पण याच दूरस्थ दृष्टीमुळे राजीचा चेहरा आपल्यापासून लांब राहतो, हेही म्हटले पाहिजे. ‘आपल्या मुलांनी केलेला खेळ आहे, सांभाळून घ्या’ ही भूमिका मला मान्य नाही. ती विश्वासाचीच दुसरी, अधिक गोड आवृत्ती आहे. नव्या कलाप्रकारात पाऊल टाकणाऱ्याचा खरा सन्मान त्याच्या निवडी समजून घेऊन त्यांचे मोल करण्यात आहे.

हा वाद निरोगीपणे कसा मिटू शकतो याचे अलीकडचे उदाहरणही आहे. स्वीडनमधील मशीनगेम्स या संस्थेने जानेवारी २०२४ मध्ये ‘इंडियाना जोन्स अँड द ग्रेट सर्कल’ दाखविला तेव्हा तोच प्रश्न उठला. हॅरिसन फोर्ड यांच्या तरुणपणीच्या चेहऱ्यावरून नायक घडवावयाचा आणि खेळ मात्र प्रथमपुरुषी करावयाचा, हा कुठला न्याय? टोपी आणि चाबूक यांची ती प्रसिद्ध आकृती बाहेरून पाहण्यासाठीच तर जन्मली. शंका उत्तम होती. डिसेंबर २०२४ मध्ये खेळ आला तेव्हा दिसले की चाबकाने झोका घेताना, भिंत चढताना आणि नाट्यप्रसंगांत कॅमेरा बाहेर येतो, आणि कोडी सोडविताना, शिलालेख निरखताना तो नायकाच्या डोळ्यांत परततो. समीक्षकांनी त्याचे स्वागत केले. येथेही विश्वास ठेवणारे बरोबर आणि शंका घेणारे चूक ठरले, असे म्हणणे सोपे आहे. मी ते म्हणणार नाही. ज्याने आधी शंका घेतली होती त्यालाच कॅमेरा केव्हा बाहेर येतो आणि का, हे नीट दिसले. ज्याने डोळे झाकून विश्वास ठेवला होता त्याच्यासाठी ती केवळ अपेक्षापूर्ती होती.

म्हणून माझे म्हणणे थोडक्यात असे. खेळाच्या आतील दृष्टी निर्मात्याची असावी, संपूर्णपणे असावी. तिच्याविषयीचा निर्णय कृती पाहून व्हावा आणि कृती येण्यापूर्वी तिच्यावर घेतलेले आक्षेप कारणांनी खोडावेत वा मान्य करावेत. खेळाबाहेरील दृष्टी मात्र कोणा एकाची असू नये. जे विकावयाचे आहे ते ज्या यंत्रावर विकावयाचे आहे त्या यंत्रावर दाखविले जावे, परीक्षकाला आपल्या डोळ्यांनी पाहिलेले दाखविण्याची मुभा असावी, आणि ती नसेल तर परीक्षकाने परीक्षणाच्या पहिल्याच वाक्यात तसे सांगावे. जिथे पाहू दिले जात नाही तिथे विश्वास मागितला जात असेल, तर तो नाकारणे हे रसिकाचे कर्तव्य आहे.

वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांवर या बाबतीत एक विशेष जबाबदारी येते. निवेदक कोण, तो काय पाहू शकतो, काय दडवितो, कोणाच्या सोयीने बोलतो, हे प्रश्न विचारण्याची शिस्त त्यांना कथा-कादंबऱ्यांनी लावली आहे. निवेदकावर आंधळेपणाने विसंबू नये, हा तर कथनमीमांसेचा पहिला धडा आहे. व्हिडिओ गेमसारख्या नव्या कथनप्रकाराकडे तुच्छतेने पाठ फिरवून ही शिस्त आपण ग्रंथालयात कुलूपबंद ठेवली, तर त्या क्षेत्रात जाहिरातदार आणि भक्त एवढेच बोलणारे उरतील. ज्या पिढीने ‘मृत्युंजय’मधील प्रत्येक ‘मी’ला त्याच्या साक्षीबद्दल जाब विचारला, तिला पडद्यावरच्या ‘मी’ला आणि त्याच्यामागे उभ्या असलेल्या कंपनीला तोच जाब विचारणे कठीण जाऊ नये.